आगोट आली की बॉयलरवाल्यांना घाम फुटतो

घरी आगोट म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, लाकूडफाटा, सुकी मासळी, आमसुलं. आमच्या बॉयलर हाऊसला आगोट म्हणजे इंधनाची शेड भरून ठेवणं. लोटे एमआयडीसीत एका कंपनीत स्टीमचं, म्हणजे वाफेचं काम बघतो, फर्नेस ऑइल (जाड खनिज तेल) बंद करून बायोमासवर, म्हणजे टरफलं, तूस, भुसा, लाकूड असल्या जळणावर आलो तेव्हापासून मे महिना हा असाच.

आपल्या कोकणात यातलं खरं कामाचं म्हणजे काजूचं टरफल. बीमध्ये गर जेमतेम पाव हिस्सा, बाकी बहुतेक टरफलच. वेंगुर्ले, कुडाळकडचे छोटे कारखाने बी वाफवायला स्वतःचंच टरफल जाळतात, त्यांना कोणी ग्रीन एनर्जी वगैरे शिकवली नव्हती. फक्त कच्च्या टरफलात तेल असतं, काळाकुट्ट धूर, बॉयलरच्या नळ्यांवर चिकट थर, आणि ते तेल हाताला लागलं तर कातडी कशी सोलवटते ते काजू फोडणाऱ्या बायकांना विचारा. तेल काढून उरलेला केक, म्हणजे चोथा, मात्र मस्त जळतो, किलोला ४००० किलोकॅलरीच्या वर, म्हणजे आपल्या दगडी कोळशाच्या तोडीस तोड. भाताचा तूस स्वस्त पण १०० किलोला १५-२० किलो राख, तीही बहुतेक सिलिका, म्हणजे वाळूसारखी, नळ्या घासून खाते.

खरा वैरी ओल. ३० टक्के ओलीचा एक टन माल घेतला म्हणजे ३०० लिटर पाणी विकत घेतलं, वर ते उडवायला लिटरमागे ६०० किलोकॅलरी आपल्याच भट्टीतून. जुलैत ब्रिकेट (भुसा दाबून केलेली कांडी) हातात घेतलं तर फुगून चिरलेलं, जरा दाबलं की नुसता भुसा, फावड्याने टाकला की अर्धा भट्टीच्या जाळीतून खालीच. सप्लायर म्हणतो, दादा पाऊस काय मी पाडतो काय. वजनकाट्यावर मात्र पाण्याचेही पैसे लागतात ना!

आणि माल अडकला की येतो लाकडाचा ट्रक. आईन, किंजळीचे जाडजूड ओंडके, याला वेस्ट कोण म्हणेल? कागदावर तेही बायोमासच, कारण झाड परत वाढताना तेवढाच कार्बन शोषून घेणार, पण तोडलेला आईन तेवढा व्हायला किती वर्षं जातात ते हिशोबात कुठेच नाही, मला तरी हे पटत नाही.

यंदा खरेदीवाल्यांना लिहून दिलंय, टनाचा दर नको, गेटवर ओल मोजा आणि उष्मांकावर पैसे द्या, शेडला बाजूनेही पत्रे मारा. पत्र्यांचं कोटेशन मागवलंय म्हणे, ओल मोजायच्या मीटरवर अजून कोणी काही बोलत नाही.