आर15 खाली उतरवताना

माझी उंची 155 सेंटिमीटर. माझ्या यामाहा आर15 व्ही3 या बाईकची सीट जमिनीपासून 815 मिलिमीटरवर. सपाट रस्त्यावर दोन्ही पायांचे चवडे कसेबसे टेकतात आणि तेवढ्यावर मी दोन वर्षं पुण्यात गाडी चालवली. पण रस्ता सगळीकडे सपाट कुठे असतो? कात्रज-कोंढवा रस्त्याच्या चढावर ट्रॅफिक तुंबलं होतं, मी डाव्या कडेला थांबले. पाय टेकायला गेले तर जमीन चार बोटं खाली. 142 किलोची गाडी एकदा कलली की माझ्या ताकदीने सावरत नाही. क्लचचा लिव्हर तुटला, फेअरिंग खरवडलं. मागचा टेम्पो वेळेत थांबला म्हणून बरं. घरी आले ती गाडी खाली करून घ्यायची, म्हणजे तिची उंची कमी करायची, असं ठरवूनच.

घाई केली, ती नडली. एका गॅरेजमध्ये मागच्या शॉकच्या लिंकच्या, म्हणजे शॉक आणि मागचं चाक यांना जोडणाऱ्या सांध्याच्या, दोन पट्ट्या बदलून दिल्या. या गाडीला मागे लिंकवाला मोनोशॉक, म्हणजे एकच शॉक, आहे, त्यामुळे वेगळ्या लांबीच्या पट्ट्या लावल्या की मागची बाजू खाली बसते. 25 मिलिमीटर खाली आली, तासाभरात काम झालं. पुढच्या शॉकअपला कुणी हातही लावला नाही.

दुसऱ्या रविवारी सिंहगडाच्या घाटात गेले आणि गाडी ओळखू येईना. वळणावर हँडल ढकलून ढकलून वळवावं लागत होतं, पुढचं चाक हलकं वाटत होतं. नंतर वहीत आकडेमोड केली तेव्हा उलगडलं. दोन चाकांमधलं अंतर 1325 मिलिमीटर. एकट्या मागच्या बाजूने 25 उतरवलं की सगळी गाडी साधारण एक अंशाने मागे झुकते. पुढचे शॉकअप तेवढेच जास्त तिरके होतात आणि ट्रेल, म्हणजे हँडल ज्या रेषेभोवती वळतं ती जमिनीला भेटते ती जागा आणि चाक टेकतं ती जागा यांतलं अंतर, वाढतो. स्पोर्ट बाईक झटकन वळते ती या एकेका अंशाच्या हिशोबावर. शिवाय सीट दोन चाकांच्या मध्ये असते, त्यामुळे मागची बाजू 25 ने खाली आली तरी सीट तेवढी खाली येतच नाही. चालवण्यातली मजा गेली आणि पाय मात्र पाऊण इंचसुद्धा जवळ आले नाहीत.

हेडलाईटचा झोत वर गेला तो वेगळाच. समोरचे डिपर मारायचे, मला कळेना का. आणि साईड स्टँड! गाडी खाली आली, स्टँड तेवढाच लांब राहिला. त्यामुळे ती जवळजवळ सरळ उभी राहायची. सोसायटीच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी बॅगेचा धक्का लागला आणि ती उजवीकडे आडवी झाली.

मग धनकवडीतल्या एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. गाडी बघून ते म्हणाले, "ताई, पुढचं तसंच ठेवून मागचं कुणी उतरवलं?" त्यांनी पट्ट्या काढून व्हर्नियरने मोजल्या. दोन्हींच्या भोकांमधलं अंतर सारखं नव्हतं. अर्ध्या मिलिमीटरचा फरक, पण तेवढ्याने लिंक आवळून चालत होती आणि बुश, म्हणजे सांध्यातली छोटी नळी, एका बाजूने घासला गेला होता. लेथवर पट्टी करून घेणार असाल तर दोन्ही एकत्र पकडून एकदमच भोकं पाडायला सांगा.

आता गाडी मागे 15 आणि पुढेही 15 मिलिमीटर उतरवलेली आहे. पुढचं काम सोपं दिसतं, पण वेळ खातं. टीचे, म्हणजे हँडलजवळ पुढचे शॉकअप धरणाऱ्या पकडीचे, बोल्ट सैल करायचे आणि शॉकअपचे पाईप थोडे थोडे वर सरकवायचे, एकदा डावा, एकदा उजवा. शेवटी दोन्ही बाजूंचं माप अगदी सारखं. काकांनी पाईपच्या चकचकीत भागावर एक केबल टाय घट्ट बांधून दिला. शॉकअप दबला की टाय वर सरकतो आणि तिथेच राहतो, म्हणजे किती दबला ते कळतं. मडगार्ड रेडिएटरला लागतं का, हँडल दोन्हीकडे पूर्ण वळतं का, ब्रेकचा पाईप ताणतो का, हे सगळं त्यांनी माझ्यासमोर पाहिलं. चिमट्याचा, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा, कोन बदलला म्हणून चेनचा ताणही नव्याने लावला.

स्टँड किती कापायचा हे ठरवायची त्यांची रीत मला फार आवडली. दोन्ही चाकांखाली प्लायवूडचे तुकडे घातले, स्टँड जमिनीवरच. गाडीचा कल पूर्वीसारखा येईपर्यंत तुकडे वाढवले. जेवढी जाडी, तेवढा स्टँड मधून कापून पुन्हा वेल्डिंग.

जे सगळ्यात आधी करायला हवं होतं ते मी सगळ्यात शेवटी केलं, ते म्हणजे सीट. कुशनवाल्याने फोमच्या पुढच्या दोन्ही कडा उतरवल्या. जाडी फारशी कमी केली नाही, तरी मांड्या सरळ खाली येऊ लागल्या आणि पाय अनपेक्षित खाली पोचले. एवढं आधी केलं असतं तर कदाचित लिंकला हात लावावा लागला नसता. तुम्ही सुरुवात इथूनच करा, आणि जाड तळाच्या बुटांपासून.

जमिनीपासूनची जागा 170 वरून 155 झाली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो, त्यावरून गाडी आरामात जाते. गल्लीतले अरुंद, टोकदार उंचवटे वेगळे. तिथे मी हळू, थोडी तिरकी जाते आणि मागे कुणालाही बसवत नाही. गाडीत बदल करण्याबाबत मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कडक आहे आणि विमा कंपनीही विचारू शकते, म्हणून मूळ पट्ट्या मी जपून ठेवल्या आहेत.

गेल्या महिन्यात त्याच चढावर पुन्हा थांबले. उजवा पाय ब्रेकवर, डावा पाय खाली, आणि चवड्यासकट अर्धं पाऊल रस्त्यावर. मनातली धडधड थांबली. केबल टाय अजून काढलेला नाही. घाटातून आले की वाकून बघते, वरच्या टोकापासून दोन बोटं अंतर असतं.