खरकट्या पाण्याची वाट लावताना

नोव्हेंबरचा शेवट, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं कापणी झालेलं शेत, दहा जण, दोन रात्री. शेतमालकाची परवानगी घेतलेली, खाली शंभर-सव्वाशे पावलांवर ओढा, त्यात अजून पाणी. जेवण साधं: पहिल्या रात्री चिकनचा रस्सा आणि भात, सकाळी पोहे-चहा, दुसऱ्या रात्री पिठलं-भाकरी. तंबू लावणं, चूल मांडणं हे सगळ्यांना येतं. जेवण झाल्यावर घासलेल्या भांड्यांचं पाणी कुठे टाकायचं, हा प्रश्न आला की मात्र बहुतेकांची मान ओढ्याकडे वळते. ते काम मी माझ्याकडे घेतलं होतं. कसं केलं ते इथे लिहितो.

आधी सामान. दोन प्लॅस्टिकची घमेली आणि एक बादली, अर्धा लिटरचा मग, जुन्या सुती धोतराचे हातभर लांबीचे दोन तुकडे, नारळाची शेंडी, घोसाळ्याची वाळलेली जाळी, गावातल्या चुलीतली चाळलेली राख डबाभर, चमचाभर ज्वारीचं पीठ, घट्ट झाकणाचा पाच लिटरचा कॅन, आणि खरकट्यासाठी दोन जाड पिशव्या, एकात एक घातलेल्या. तारेची घासणी नेत नाही. तिचे तुकडे तुटून गवतात पडतात आणि तिथे गुरं चरतात. हिरव्या चौकोनी घासणीचेही प्लॅस्टिकचे तंतू झडतात. शेंडी आणि घोसाळं या दोघांनी काम भागतं.

साबणाबद्दल सगळे विचारतात, पण खरी अडचण साबणाची नसते. ती तेल आणि अन्नकणांची असते. ताटात राहिलेला भात, तर्री, पिठल्याची खरपुडी हे सगळं पाण्यात गेलं की ते पाणी कुजतं, वास मारतं, मुंगळे आणि कुत्री बोलावतं. म्हणून जे पुसून निघतं ते पाण्यात जाऊच द्यायचं नाही. भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने ताट पुसून खायचं, हे प्रत्येकाला वाढतानाच सांगून ठेवलं. जुन्या माणसांपैकी काहीजण ताटात पाणी घालून, फिरवून पिऊन टाकतात. कॅम्पवर त्याहून चांगली पद्धत नाही, पण सगळ्यांना ती पचत नाही, म्हणून आग्रह केला नाही. चहाच्या पातेल्यात मात्र कपभर गरम पाणी फिरवून मी स्वतः प्यायलो. दुधाचा अंश पाण्यात राहिला की सगळ्यात आधी आंबतो.

रश्श्याच्या पातेल्याची गोष्ट वेगळी. डालडा किंवा तूप असतं तर थंडीत ते गोठतं आणि कालथ्याने खरवडून निघतं. शेंगदाण्याचं किंवा सोयाबीनचं तेल तिथल्या थंडीतही पातळच राहतं. त्यावर उपाय म्हणजे कोरडं पीठ. चमचाभर ज्वारीचं पीठ पातेल्यात भुरभुरायचं, दोन मिनिटं थांबायचं आणि बोटाने फिरवायचं. पिठाची लालसर, ओलसर गोळी होते, कडेची तर्री ती ओढून घेते आणि स्टीलचा तळ चकचकीत दिसायला लागतो. गोळी पिशवीत. राखही तेल शोषते, पण राखेची गोळी होत नाही, चिखल होतो. म्हणून आधी पीठ, मग राख.

राख लावून घासण्यात फक्त परंपरा नाही. लाकडाच्या राखेत क्षार असतात, ते तेलाशी मिळून थोडासा साबणच तयार करतात, म्हणून हाताला गुळगुळीत लागतं. पण राख फक्त स्टीलला. ॲल्युमिनियमचं पातेलं राखेने काळवंडतं आणि हळूहळू खरवडलं जातं. ज्या चुलीत कुणी प्लॅस्टिकची पाकिटं टाकली असतील तिची राख घ्यायची नाही. शेकोटीची ताजी राखही नको, आत निखारा लपलेला असतो. चुलीवर चढवायच्या पातेल्याच्या बुडाला बाहेरून पातळ मातीचा लेप दिला होता. काजळी लेपावर धरते, लेप ओल्या हाताने निघतो आणि घासायचं निम्मं काम वाचतं.

आता धुणं. पहिल्या घमेल्यात ३ लिटर, हाताला सोसेल इतकं कोमट, त्यात अर्धा चहाचा चमचा पातळ साबण. दुसऱ्यात २ लिटर साधं पाणी. बादलीत दीड लिटर कडक गरम पाणी, त्यात भांडं शेवटी बुडवून काढायचं. क्रम ठरलेला: कप, मग चमचे, मग ताटं, शेवटी पातेली. पातेली आधी घातली की पहिलं पाणी तिथेच संपतं. दहा जणांच्या भांड्यांना साडेसहा लिटर पाणी लागलं. पुसून न घेता हीच भांडी धुवायची तर दोन-तीनदा पाणी बदलावं लागतं, म्हणजे वाहून आणायचं पाणी आणि टाकायचं पाणी दोन्ही तिपटीने वाढतं. दुसऱ्या घमेल्यात फेस दिसायला लागला तर साबण जास्त झाला असं समजायचं. पहिल्या रात्री एकाने बाटलीच दाबली आणि दुसरं घमेलं पांढरं झालं. मग ते पाणी पहिल्याच्या जागी घेतलं आणि दुसऱ्यात नवं भरलं. घासताना फेस आला नाही तर भांडं स्वच्छ झालं नाही, असं शहरात हाताला सवयीने वाटतं. तसं नसतं.

धुऊन झालं की लगेच ओतायचं नाही. घमेली दहा मिनिटं तशीच ठेवायची, कण तळाला बसू द्यायचे. बादलीच्या तोंडावर धोतराचा तुकडा सैल बांधायचा, मध्ये खळगा ठेवून, आणि वरचं नितळ पाणी आधी ओतायचं, गाळ शेवटी. उलटं केलं की अन्नाचा गाळ पहिल्या मिनिटालाच कापडाची भोकं बुजवतो आणि मग पाणी कापडावरून वाहतं. माझं पहिल्या रात्री असंच झालं, म्हणून दुसरा तुकडा जवळ होता हे बरं. चहाची गाळणी चालत नाही, तिच्यातून अन्नाचे बारीक कण सहज जातात. कापड पिळून, आतलं जे काही मूठभर उरतं ते खरकट्याच्या पिशवीत. मूठभर म्हणजे फार वाटत नाही, पण तेच माळावर ओतलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे मुंगळ्यांची रांग असते.

आता गाळलेलं पाणी कुठे टाकायचं ते. पाण्यापासून आणि तंबूपासून दोन्हीकडून किमान ६० मीटर, म्हणजे लांब टांगांची ऐंशी पावलं. पण नुसतं अंतर मोजून भागत नाही, उतार बघावा लागतो. ऐंशी पावलं लांब पण ओढ्याच्या वरच्या अंगाला, खडकावर ओतलं, तर पाणी ओढ्यातच जातं. मी दुपारीच एक मग पाणी ओतून बघितलं होतं. पाणी दहा मिनिटांत जिरलं तर जागा चांगली. साचलं किंवा वाहत गेलं तर दुसरी शोधायची.

इथे आमच्या शेताने फसवलं. भाताचं खाचर, कापणी झालेली, जमीन भेगाळलेली. दिसायला मऊ माती, पण खाचराची माती चिखलणी करून घट्ट केलेली असते, पाणी टिकावं म्हणूनच. ओतलेलं पाणी एकतर वर साचतं, नाहीतर भेगेतून सरळ खाली उतरतं आणि मधल्या मातीला शिवतही नाही. मातीने पाणी शुद्ध करावं अशी अपेक्षा असेल तर पाणी मातीतून हळूहळू जायला हवं. म्हणून बांध ओलांडून वरकस, म्हणजे भात न लावलेल्या चढाच्या जमिनीत गेलो. नाचणीचं कापलेलं रान, सैल माती, वर गवताची मुळं. तिथे पाणी पहिल्या मगालाच जिरलं. शेतमालकाला विचारूनच, कारण त्याच्या हरभऱ्यावर साबणाचं पाणी पडलेलं त्याला चालणार नव्हतं.

ओतायचं म्हणजे शिंपडायचं. मगभर पाणी हाताने गोलाकार फेकायचं, एका मगाला एका बाजेएवढी जागा. साडेसहा लिटर म्हणजे तेरा मग, तेरा बाजा. ऐकायला जास्त वाटतं, प्रत्यक्षात चार मिनिटं लागतात. असं पातळ पसरलं की वरच्या वीतभर मातीतले जीवाणू ते खातात, ऊन आणि हवा लागते, वास राहत नाही. एकाच जागी बादली उपडी केली तर माती चिकट होते, हवा जात नाही आणि कुजण्याचा वास सुटतो. दुसऱ्या दिवशी जागा बदलली.

एकाच जागी तीन-चार रात्री मुक्काम असेल, किंवा वीस-पंचवीस माणसं असतील, तर शिंपडत बसण्यापेक्षा खड्डा बरा. वीतभर खोल, हातभर रुंद, बस. जास्त खोल खणला तर खाली मुरूम लागतो, तिथे जीवाणू कमी, पाणी नुसतं खाली झिरपतं. वरची गवताची ढेप अखंड काढून बाजूला ठेवायची, जाताना तीच वर बसवायची. अन्न त्यात पुरायचं नाही. रानडुक्कर आणि साळिंदर रात्रीत उकरून काढतात.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण गडावर होतं आणि तिथे यातलं काहीच करता येत नाही. वर बेसाल्टचा कातळ, त्यावर बोटभर माती. पाणी जिरत नाही, वाहतं, आणि वाहून जातं कुठे तर कातळात कोरलेल्या पाण्याच्या टाक्यात. किल्ल्यांवरच्या टाक्यांकडे पाणी जावं म्हणून कातळात चर कोरलेले अनेक ठिकाणी दिसतात, तुमचं खरकटं पाणीही त्याच चरांनी जाणार. टाक्यातलं पाणी पावसाळ्यात भरलेलं असतं आणि पुढच्या जूनपर्यंत त्यात नवं काही येत नाही. समजा एक टाकं ३ मीटर लांब, ३ रुंद, २ खोल असेल तर त्यात १८,००० लिटर मावतं. एप्रिलमध्ये तळाला हातभर उरतं आणि नोव्हेंबरात गेलेला साबण आणि तेल तिथेच असतात, फक्त दाट होऊन. मंदिराजवळच्या पुष्करणीकाठी भांडी विसळणारे पाहिले की मी इतकंच सांगतो की हे पाणी कुणीतरी पितं. खड्डा खणायचा विचारही करायचा नाही, गडावरची माती खणणं योग्य नाही.

म्हणून गडावर भाकरी-ठेचा, उकडलेली अंडी, केळी. भांडी लागलीच तर कोरडी पुसलेली, न धुतलेली, एका पिशवीत खाली आणायची. चहा केला, तर त्याचं विसळलेलं पाणी पाच लिटरच्या कॅनमध्ये. अडीच लिटर भरलं, म्हणजे अडीच किलो ओझं, पाचनई गावाच्या वाटेने उतरताना ते फार जाणवत नाही. झाकणाला रबर नसेल तर मात्र सॅकमधले कपडे चहाचे होतात. भरण्याआधी कॅन उलटा करून बघावा.

‘पाण्यात विरघळणारा, निसर्गाला घातक नाही’ असं बाटलीवर लिहिलेला साबण ओढ्यात वापरायला मोकळीक नाही. तो विघटित होतो तो मातीत, जीवाणूंच्या हातून, आणि त्याला दिवस लागतात. वाहत्या पाण्यात तो माशांच्या कल्ल्यांवरचा चिकट थर धुऊन काढतो. रिठ्याचं तर आणखी वाईट. रिठा नैसर्गिक म्हणून लोक बिनधास्त ओढ्यात धुतात, पण त्याच्या फेसातलं द्रव्य माशांना विषारी आहे. मासे गुंगवायला गेळ या झाडाची फळं पाण्यात टाकायची जुनी रीत आहे, ती अशाच द्रव्यावर चालते. तेव्हा रिठा, साबण, राख, काहीही असो, घासायची जागा पाण्यापासून लांब. ओढ्यावरून स्वच्छ कॅनने पाणी आणणारा एकच माणूस, आणि भांडी ओढ्याकडे कधीच जात नाहीत. हा नियम पाळायला सगळ्यात सोपा, आणि तोच सगळ्यात जास्त मोडतो, कारण एखादा उत्साही अंधारात हातातलं ताट घेऊन खाली जातो. आम्ही घमेल्यांजवळ टॉर्च टांगून ठेवला, उजेड दिसला की माणूस तिकडेच येतो.

पावसाळ्यात हे सगळं निम्मं निरुपयोगी. माती आधीच भिजून तुडुंब असते, शिंपडलेलं पाणी जिरत नाही, चिखलाबरोबर ओढ्याला लागतं. तेव्हा साबण अजिबात नाही, पत्रावळ्या, कोरडं जेवण, एकाच भांड्यातली खिचडी, आणि पुसणं जास्त. पत्रावळी शेकोटीत टाकू नयेत, तेल लागलेल्या पत्रावळी अर्धवट जळतात आणि मागे खरकटं राहतं. गावात विचारून उकिरड्यावर टाकता येतात, आमच्या भाताचं खरकटंही तिथेच गेलं. उरलेली तेलाची गोळी आणि प्लॅस्टिक आपल्यासोबत शहरात.

शेवटच्या सकाळी भांडी जाळीच्या पिशवीत घालून कुंपणाच्या काठीवर उन्हात टांगली. फडक्यापेक्षा ऊन बरं, ओलं फडकं सगळ्या भांड्यांना एकच वास लावतं. दात घासल्याची चूळही तशीच लांब, फवारून. धोतराचे दोन्ही तुकडे पिळून, सॅकच्या बाहेर बांधून आणले. घरी पोचलं की ते त्याच दिवशी सोडा घालून उकळायचे. तसेच घडी करून ठेवले तर पुढच्या वेळी सॅक उघडताना पिठलं कधीचं होतं ते आठवेल.