खडूचं कुंपण

आमचे भौतिकशास्त्राचे सर पहिलं समीकरण लिहिण्याआधी आकृतीभोवती खडूने कुंपण घालायचे. कुंपणाच्या आतल्या वस्तू एकमेकींना कितीही ढकलोत, ती बलं अंतर्गत. बाहेरून आत येणारं बल तेवढं बाह्य. एकूण बाह्य बल म्हणजे एकूण वस्तुमान गुणिले वस्तुमानकेंद्राचं (सगळं वस्तुमान जिथे एकवटलंय असं धरता येतं, त्या बिंदूचं) त्वरण, एवढंच सूत्र. आज अकरावीत असलेल्या मुलांसाठी त्याचा वापर इथे मांडतो.

आपल्याकडच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातलंच उदाहरण घ्या. १४० किलोचा, ४ मीटर लांबीचा डोंगा स्थिर उभा आहे. ६० किलोचा माणूस त्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला चालत जातो. डोंगा किती सरकेल?

कुंपण दोघांभोवती घाला. पाण्याचा विरोध तूर्त शून्य धरला, तर आडव्या दिशेत बाह्य बल नाही. सुरुवातीला सगळं स्थिर होतं, त्यामुळे वस्तुमानकेंद्र जागचं हलत नाही. डोंगा क्ष मीटर मागे गेला, तर काठावरून पाहता माणूस ४ − क्ष मीटरच पुढे जातो. ६० × (४ − क्ष) = १४० × क्ष, म्हणून क्ष = १.२ मीटर. बरीच मुलं इथे ६० × ४ = १४० × क्ष लिहितात आणि १.७१ काढून मोकळी होतात. ४ मीटर हे डोंग्यावर मोजलेलं अंतर आहे आणि क्ष काठावरून मोजलेलं. दोन्ही एका समीकरणात कालवली की उत्तर गेलंच. डोंगा एका टोकाला जड असला तरी मात्र बिघडत नाही, कारण आपण फक्त सरकणं मोजतोय.

विरोध शून्य धरणं ही निव्वळ सोय आहे. तो डोंग्याच्या वेगाच्या सम प्रमाणात धरला, तर माणूस थांबल्यावर डोंगा हळूहळू उलटा येत मूळ जागी पोचतो! सुरुवातीचा आणि शेवटचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) शून्य, म्हणजे विरोधाचा एकूण आवेग (बल गुणिले वेळ) शून्य, म्हणजे डोंग्याचं एकूण सरकणंही शून्य. खऱ्या पाण्याचा विरोध इतका सरळ नसतो, पण गणित म्हणून हे सोडवून पाहण्यासारखं आहे.

परीक्षेतला दुसरा हमखास प्रश्न फुटणाऱ्या गोळ्याचा. गोळा सपाट जमिनीवर ४० मीटरवर पडणार होता. सर्वोच्च बिंदूला त्याचे दोन समान तुकडे झाले आणि एक थेट खाली, २० मीटरवर पडला. दोघांची सरासरी ४० यायला हवी, म्हणून दुसरा ६० वर. कोन नको, वेग नको. अट एकच, दोन्ही तुकडे एकाच क्षणी जमिनीला टेकले पाहिजेत. एक आधी टेकला तर जमिनीचं बल कुंपणात शिरतं आणि ४० चा हिशेब मोडतो.

कप्पीवरच्या ३ आणि १ किलोच्या वजनांसाठी ही रीत पडताळ्यापुरती वापरावी. ग म्हणजे गुरुत्वत्वरण धरलं, तर प्रत्येकाचं त्वरण ग/२, केंद्राचं ग/४, खालच्या दिशेने. म्हणून वजनं हलत असताना कप्पीवर भार ३ किलोचाच येतो, ४ चा नाही.

ऊर्जेच्या प्रश्नात मात्र जपून. सेकंदाला ६ मीटर वेगाने आलेली २ किलोची गाडी ४ किलोच्या स्थिर गाडीला चिकटली, तर केंद्राचा वेग धडकेआधीही २ आणि नंतरही २. गतिज ऊर्जा मात्र ३६ ज्यूलवरून १२ वर येते. उरलेले २४ उष्णतेत, आवाजात आणि पत्रा वाकण्यात जातात, आणि केंद्राच्या समीकरणात ते कुठेच दिसत नाहीत.