चंचीतल्या गोळ्या

सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारगावात माझं मेडिकल आहे. बाजार मंगळवारी. भाजी विकून मोकळी झालेली माणसं परतीच्या एस.टी.आधी आमच्याकडे येतात आणि बीपीच्या, शुगरच्या गोळ्या घेतात त्या मोजून सात. पुढच्या मंगळवारपर्यंतच्या. पंधराची पट्टी कापून सात द्यायच्या, मुदतीची तारीख असलेला तुकडा ड्रॉवरमध्ये ठेवायचा. 21 वर्षं हेच करतोय, त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका मंगळवारी ओळखीच्या एक आजी आल्या. वय असेल सत्तरीच्या आसपास. कमरेची चंची सोडली, त्यातून एक रिकामं पाकीट काढून काचेवर ठेवलं.

"बाळा, ही सुजंची गोळी दे धा."

फ्युरोसेमाइड. लघवीवाटे पाणी काढणारी. चिठ्ठी मागितली तर म्हणाल्या, "चिठ्ठी कसली? शेजारणीनं दिली. तिला लागू पडली."

काउंटरवर झुंबड होती. खरं सांगायचं तर "चिठ्ठीशिवाय नाही मिळायची" एवढं बोलून मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलोही होतो. पण आजी जागच्या हलेनात. काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून, डोळे मिटून उभ्या.

"काय होतंय आजी?"

"काय न्हाय रं. उठलं का वाईच गरगरतंय. सकाळच्याला मोरीत पडले."

आत घेऊन खुर्चीवर बसवलं. पाय जमिनीला टेकवून, पाठ टेकवून, पाच मिनिटं गप्प बसा म्हटलं. (हे गप्प बसणं आमच्याकडे सगळ्यात अवघड. बाजारातून धापा टाकत आलेल्या, तोंडात तंबाखू असलेल्या माणसाचं बीपी मोजलं तर मशीन त्या धापांचंच बीपी सांगतं.) बसून 106/62 आलं. उभं केलं, मिनिटभराने परत मोजलं, तर 84/54. उभं राहिल्यावर वरचा आकडा 20 ने उतरला तरी डॉक्टर कान टवकारतात. इथे 22 ने उतरला होता.

पायांत जोडवी रुतलेली. आजींनीच घोट्यावर अंगठा दाबून दाखवला. खड्डा पडला तो पडलाच.

"काय काय गोळ्या घेता, सगळ्या काढा बघू."

चंचीच्या एका कप्प्यात पान, एकात चुन्याची डबी आणि तिसऱ्यात गोळ्या. पहिल्या पट्टीवर 'विक्रीसाठी नाही' छापलेलं, म्हणजे उपकेंद्रातली. अ‍ॅम्लोडिपिन 5. देशात 2017 च्या शेवटी उच्च रक्तदाबाचा जो सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आमचा सातारा होता. तेव्हापासून ही गोळी इथे घरोघरी ओळखीची आहे. दुसरा तुकडा माझ्याच दुकानातला, सात गोळ्यांचा, त्यातल्या तीन उरलेल्या. त्यावर वाचता येत होतं 'टेल्मिसार्टन 40' आणि पुढे कात्री लागलेली.

मी ड्रॉवर उघडला. त्याच पट्टीचा उरलेला तुकडा तिथे होता. दोन्ही तुकडे काचेवर फाटक्या नोटेसारखे जुळवले. माझ्या तुकड्यावर उरलेली अक्षरं होती 'आणि अ‍ॅम्लोडिपिन 5'.

म्हणजे सकाळी उपकेंद्रातली पाच मिलिग्रॅम आणि रात्री माझ्याकडची पाच, वर टेल्मिसार्टन, तेही बीपीचंच. नावं वेगळी, रंग वेगळे, पाकिटं वेगळी. आत औषध तेच, दुप्पट.

हे झालं कसं? चार महिन्यांपूर्वी लेकीने गुडघ्यांसाठी पुण्याला नेलं होतं. तिथे बीपी वाढलेलं निघालं.

"डॉक्टरांनी विचारलं नाही, आधीची गोळी चालू आहे का?"

"इचारलं की. मी न्हाय म्हनलं. बीपीची कुटं हाय? ती आशाताईची गोळी डोस्कं हलकं व्हायची हाय."

यावर काय बोलणार? आजींनी खोटं सांगितलं नव्हतं. कुणीतरी कधीतरी त्यांना तसंच समजावलं असणार.

सुजेचा उलगडा इथेच झाला. अ‍ॅम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करतं. पण पुढे रक्त परत नेणाऱ्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत, मग केशवाहिन्यांत दाब वाढून पाणी घोट्याशी झिरपतं. डोस वाढला की सूज वाढते. अंगात पाणी जास्त झालेलं नसतंच, त्यामुळे लघवीच्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही. माणूस मात्र आतून सुकतो आणि उठताना गरगरतो.

तिसरं पाकीट पाहून माझंच तोंड उतरलं. गुडघ्यांसाठीची अ‍ॅसिक्लोफेनॅकची गोळी. पुण्याच्या चिठ्ठीवर ती पाच दिवसांसाठी होती. मी चार महिने देत आलो होतो, तीच चिठ्ठी बघून. बघून म्हणजे काय, पहिल्यांदा बघितली तेवढीच. टेल्मिसार्टन, पाणी काढणारी गोळी आणि असली वेदनाशामक गोळी, ही तिन्ही एकत्र आली की मूत्रपिंडाचं रक्त गाळण्याचं काम तिन्हीकडून आवळलं जातं. डी.फार्म.ला हे पाठ करून परीक्षेत लिहिलं होतं. काउंटरवर आठवलं नाही.

गोळी बंद करा, चालू ठेवा, हे सांगायचा अधिकार माझा नाही. पुण्याला फोन लावला. रिसेप्शनवरच्या मुलीने दोनदा "सर ओपीडीत आहेत" सांगितलं. तिसऱ्यांदा मी फक्त आकडे सांगितले आणि डॉक्टर लाइनवर आले. चारही औषधांची नावं वाचून दाखवली. पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाले, उपकेंद्रातली, पाण्याची आणि गुडघ्याची तिन्ही आजपासून थांबवा, माझी आज रात्रीची देऊ नका, उद्या सकाळी तुमच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी), सोडियम, पोटॅशियम करून रिपोर्ट मला पाठवा.

आजींना यातलं एकच वाक्य कळलं. "मंजी समद्याच बंद? बरं झालं बया."

"नाही, नाही. रक्त तपासलं की एक परत सुरू होईल."

"आता कमी हाय नव्हं बीपी? मग कशाला?"

इथे मी फार बोललो. रक्तवाहिन्या, झटका, पक्षाघात. आजी दाराबाहेर एस.टी. आली का ते बघत होत्या. शेवटी दमून म्हटलं, आजी, गोळी आहे म्हणून कमी आहे. त्यावर त्या थांबल्या. "मंजी दुधावर फुकर मारत ऱ्हायचं. थांबलं का आलं वर." मला एवढ्या वर्षांत हे इतकं सोपं सांगता आलेलं नाही.

जाता जाता त्यांना 'बीपीचं मीठ' हवं होतं, कुणीतरी सांगितलेलं. त्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं आणि टेल्मिसार्टन पोटॅशियम अंगात साठवून ठेवतं. मूत्रपिंड दमलेलं असताना हे मीठ म्हणजे आगीत तेल. नाही दिलं. पापड-लोणचं कमी करा म्हटलं, तर नाराज झाल्या.

क्रिएटिनिन 1.8 आलं, वाढलेलं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चार दिवस थांबायला सांगितलं, मग माझ्याकडची दोन औषधांची एकत्र गोळीच सुरू केली, फक्त सकाळी. उपकेंद्रातल्या ताईंना मी फोन करून कार्डावर तशी नोंद करायला लावली. तीन आठवड्यांनी क्रिएटिनिन 1.1 झालं, उभ्याने बीपी 128/76. सूज पुरती गेली नाही, पण जोडवी फिरायला लागली.

आता अडचण कात्रीची. अख्खी पट्टी घ्या म्हटलं तर आजींकडे त्या दिवशी सात गोळ्यांचेच पैसे असतात. म्हणून मी पट्टी न कापता देतो आणि वहीत त्यांच्या नावावर आठ गोळ्यांची उधारी लिहितो. पुढच्या मंगळवारी त्या आधी उधारी फेडतात, मग चंची सोडून पट्टीवरची राहिलेली घरं माझ्यासमोर बोटाने मोजतात. परवा एक जास्त निघाली. "इसारले येक दिस," म्हणाल्या, "पर दुसऱ्या दिशी दोन न्हाय घेतल्या हां."