तुम्ही विचारलंत म्हणून: डिझायनरचं पान जँगोच्या फॉर्मला कसं जोडायचं?

‘डिझायनरने एचटीएमएल पान देऊन ठेवलंय, जँगोचा फॉर्म क्लासही लिहून झालाय. आता पानाचं रूप न बिघडवता दोन्ही जोडायचं कसं?’ नाशिकमध्ये जँगोवर, म्हणजे वेबसाइट बनवायच्या पायथनमधल्या फ्रेमवर्कवर, कामं घेणाऱ्या मुलामुलींकडून हा प्रश्न सारखा येतो. त्यामागे बहुतेकदा एक धास्ती असते, की टेम्प्लेटमध्ये (जँगो ज्यातून पान बनवतो त्या फाइलमध्ये) ‘फॉर्म डॉट ॲज पी’, म्हणजे जँगोने फॉर्म स्वतःच छापावा अशी ओळ, लिहिली नाही तर जँगो तो फॉर्म ओळखणारच नाही.

जँगो तुमचं एचटीएमएल बघतच नाही. सबमिट दाबलं की ब्राउझर नाव आणि व्हॅल्यू अशा जोड्या पाठवतो. फॉर्म क्लासला, म्हणजे कोणती फील्ड हवीत आणि ती कशी तपासायची हे सांगणाऱ्या कोडला, कळतात त्या एवढ्याच. म्हणून इनपुटच्या ‘नेम’मध्ये जे लिहाल ते क्लासमधल्या फील्डच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. ‘आयडी’ लेबलसाठी आणि जावास्क्रिप्टसाठी, सर्व्हरकडे तो जातच नाही. डिझायनर मंडळी आयडी हौसेने देतात आणि नेम विसरतात. दिलाच तर मध्ये हायफन घालतात, आणि पायथनच्या फील्डच्या नावात हायफन चालत नाही. हाताने लिहिण्यापेक्षा नेममध्ये फील्डचं ‘एचटीएमएल नेम’ आणि लेबलमध्ये ‘आयडी फॉर लेबल’ टाका. पुढे फॉर्मला प्रीफिक्स (फील्डच्या नावांआधी जोडला जाणारा शब्द) लागला तरी काही तुटत नाही.

उदाहरणाला द्राक्षांच्या पॅकहाउससाठी शेतकरी नोंदणीचा फॉर्म घेऊ: नाव, मोबाइल, तालुका, बागेचं क्षेत्र, ऑक्टोबर छाटणीची तारीख, सातबाऱ्याची प्रत. नाव भरलेलं असूनही ‘हे फील्ड आवश्यक आहे’ असा एरर आला तर नेम चुकलंय, दुसरं काही शोधू नका. फील्ड ऐच्छिक असेल तर एररही येत नाही, माहिती गुपचूप गळते. मॉडेलफॉर्मने (मॉडेलवरून, म्हणजे डेटाबेसच्या तक्त्याच्या वर्णनावरून बनलेल्या फॉर्मने) जुनी नोंद दुरुस्त करताना तर आणखी वाईट: क्लासमध्ये आहे पण पानावर नाही अशा ऐच्छिक फील्डची जुनी व्हॅल्यू पुसली जाते, मॉडेलमध्ये डिफॉल्ट नसेल तर. म्हणून ‘फील्ड्स’च्या यादीत पानावर दिसतात तेवढीच नावं ठेवा. शंका आली की ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये काय गेलं ते पाहा आणि व्ह्यूमध्ये (आलेली माहिती हाताळून पान परत देणाऱ्या पायथन कोडमध्ये) ‘फॉर्म डॉट एरर्स’ छापा. पाच मिनिटांचं काम.

सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच साइटवरून आल्याची खूण) फॉर्म टॅगच्या आत हवा, नाहीतर ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ असा एरर. सातबाऱ्याची फाइल जायची तर टॅगवर ‘मल्टिपार्ट फॉर्म-डेटा’ हवं आणि व्ह्यूमध्ये फॉर्मला ‘रिक्वेस्ट डॉट पोस्ट’सोबत ‘रिक्वेस्ट डॉट फाइल्स’ही द्यायला हवं. यातलं एक जरी राहिलं तरी फॉर्मला फाइल मिळत नाही.

तालुक्याच्या ड्रॉपडाउनमध्ये डिझायनर ऑप्शनच्या व्हॅल्यूत ‘निफाड’, ‘दिंडोरी’ असं लिहून मोकळा होतो. तालुके मॉडेलमधून येत असतील तर जँगोला तिथे त्या नोंदीची प्रायमरी की (डेटाबेसमधला ओळख क्रमांक) लागते, नाव दिलं की ‘योग्य पर्याय निवडा’ असं ऐकवतो. जिल्ह्याचे पंधरा तालुके हाताने लिहू नका, फील्डच्या चॉइसेसवर लूप फिरवा. निवडलेला पर्याय टिकवताना एक मेख आहे: पोस्ट झालेल्या फॉर्मची व्हॅल्यू मजकूर असते, डेटाबेसमधून भरलेल्याची आकडा. मजकुरातला ७ आणि आकडा ७ टेम्प्लेटला सारखे वाटत नाहीत. दोन्हीकडे मजकूर करून मगच तुलना करा.

व्ह्यूमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे ‘इज व्हॅलिड’ खोटं ठरल्यावर नवा रिकामा फॉर्म बनवून पान दाखवणं. एररही गेले, भरलेलंही गेलं. तोच फॉर्म परत रेंडर करा, प्रत्येक इनपुटच्या व्हॅल्यूत फील्डची व्हॅल्यू द्या, आणि ‘नॉन फील्ड एरर्स’ला, म्हणजे एका फील्डचे नसून सगळ्या फॉर्मचे असलेल्या एररना, पानावर जागा ठेवा. डिझाइनमध्ये ती जागा कधीच नसते, मागून घ्यावी लागते. फाइल मात्र ब्राउझर पुन्हा भरू देत नाही. मोबाइलचा एक आकडा चुकला म्हणून शेतकऱ्याला सातबारा परत शोधायला लावायचा नसेल, तर फाइलसाठी दुसरं पान करा. सगळं बरोबर आलं की रीडायरेक्ट, नाहीतर रिफ्रेश केल्यावर तीच नोंद दोनदा पडेल.

आता तारीख. साधा टेक्स्ट बॉक्स दिला आणि शेतकऱ्याने ०५/१०/२०२५ लिहिलं, तर अमेरिकी इंग्रजीच्या मूळ सेटिंगमध्ये जँगो महिना आधी वाचतो. पाच ऑक्टोबरची छाटणी दहा मेची होते. १५/१०/२०२५ लिहिलं तर निदान एरर येतो. बारा तारखेपर्यंतच्या मुकाट चुकतात. त्यापेक्षा ‘डेट’ प्रकारचं इनपुट द्या. ते पडद्यावर काहीही दाखवो, पाठवताना वर्ष-महिना-दिवस असंच पाठवतं. दुरुस्तीच्या पानावर त्याला व्हॅल्यूही त्याच क्रमाने लागते, दुसऱ्या क्रमाने दिली तर रकाना कोरा दिसतो. इथे हाताने लिहिण्याचा हट्ट सोडा, डेटइनपुट विजेटला (जँगोचा इनपुट छापणारा भाग) फॉरमॅट द्या आणि तेच छापा.

मोबाइल नंबर लोक मराठी आकड्यांतही टाकतात. पायथनच्या रेजेक्समधला (मजकुराचा साचा तपासायची पद्धत) ‘बॅकस्लॅश डी’, म्हणजे ‘कोणताही आकडा’, देवनागरी आकडेही मान्य करतो, ब्राउझरच्या पॅटर्नमधला (इनपुटवर लिहिलेली तशीच अट) करत नाही. त्यामुळे पॅटर्न नसलेल्या पानावरून आलेला देवनागरी नंबर तसाच डेटाबेसमध्ये बसतो आणि एसएमएस पाठवताना अडतो. उलट रेजेक्स फील्डमध्ये फक्त इंग्रजी आकड्यांची अट घातली तर तुमच्या ‘क्लीन मोबाइल’ मेथडपर्यंत नंबर पोचतच नाही, कारण व्हॅलिडेटर आधी चालतात. म्हणून फील्ड साधं कॅरफील्ड (मजकुराचं फील्ड) ठेवा, पॅटर्न काढा, आणि त्या मेथडमध्ये आधी ‘ट्रान्सलेट’ने आकडे बदला, मग दहा आहेत का आणि पहिला सहा ते नऊमधला आहे का ते तपासा. शेवटी बदललेला नंबर रिटर्न करा. ते राहिलं तर क्लीन्ड डेटामध्ये (तपासून झालेल्या माहितीत) मोबाइलच्या जागी ‘नन’, म्हणजे काहीच नाही, असं असतं.