त्रेपन्नची नोटीस आणि अण्णांचा जिना

पंधरा वर्षं आमच्या घराला गिलावा नव्हता. खालचा मजला राहण्यापुरता झालेला, वर सहा कॉलम अर्ध्यावर थांबलेले, त्यांच्यातून सळया वर आलेल्या, आणि बाहेरच्या अंगाने चढणारा एक जिना जो कुठेच पोचत नव्हता. सोलापूरच्या शेळगीत आमच्या गल्लीचा पत्ता सांगताना लोक म्हणायचे, "सळया दिसतात बघा, त्याच्या पुढचं घर." आई ते ऐकायची आणि आत निघून जायची.

१९९२ साली सोलापूरची हद्दवाढ झाली. आजूबाजूची गावं शहरात आली आणि शेतं गुंठ्यागुंठ्याने विकली जाऊ लागली. अण्णा, म्हणजे माझे वडील, चादरीच्या कारखान्यात जॉबर होते, मागांवर देखरेख करायचे. त्यांनी १९९७ साली दीड गुंठा जागा घेतली, म्हणजे १६३३ चौरस फूट. पुढे २००१ चा गुंठेवारी कायदा आला, त्याखाली प्लॉट नियमित करून घेतला आणि २००८ साली रीतसर बांधकाम परवाना मिळवला. नकाशा मंजूर, शिक्का, सही, सगळं होतं. हे सांगते कारण आमचं घर विनापरवाना होतं असा अनेकांचा समज होता. परवाना होता. आम्ही परवान्याप्रमाणे बांधलं नाही.

मंजूर नकाशात जिना घराच्या आत होता. ठेकेदार म्हणाला, आत जिना घेतला तर एक खोली जाते, बाहेरून काढू, सगळेच काढतात. अण्णांना ती खोली माझ्यासाठी हवी होती, मी तेव्हा बी.एड. करत होते. ते हो म्हणाले. आखणी करताना पूर्वेची भिंतही हातभर शेजाऱ्यांकडे सरकली. भिंत आणि जिना मिळून त्या बाजूचं सामासिक अंतर, म्हणजे हद्दीपर्यंत मोकळी सोडायची जागा, जवळजवळ संपलं. कॉलम उभे राहीपर्यंत घरात कुणी टेप लावून बघितलं नाही.

शेजारी अक्कांचं घर आणि त्याला लागून दोन मागांची शेड. तक्रार त्यांनी केली. २०१० साली काम थांबवण्याची कलम ५४ ची नोटीस आली, पुढच्या वर्षी कलम ५३ ची, म्हणजे नकाशाबाहेरचं बांधकाम काढून टाका म्हणणारी. दोन्ही महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधली कलमं. अण्णांनी नोटीस घडी घालून देवघराच्या फळीवर ठेवली आणि अक्कांच्या घराशी बोलणं बंद केलं. ज्या घरातून आमच्याकडे दर सणाला वाटी यायची, त्या घराशी.

कुणीतरी वकील सुचवला. दिवाणी दावा लागला, 'जैसे थे'चा आदेश मिळाला. त्या दिवशी अण्णांनी पेढे वाटले. आता मागे बघते तेव्हा वाटतं, आमचं खरं नुकसान त्या दिवशी सुरू झालं. जैसे थे म्हणजे कुणी पाडायचं नाही, तसं आपणही पुढे बांधायचं नाही. इकडे परवान्याचं वय संपत होतं. कलम ४८ प्रमाणे परवाना एक वर्ष चालतो, अर्ज केला तर वर्षावर्षाने वाढवून मिळतो, तोही तीन वर्षांपर्यंतच. आम्ही मुदतवाढीचा अर्ज केलाच नाही, कारण कोर्टात प्रकरण आहे म्हणजे घड्याळ थांबलं असं आम्ही धरून चाललो. आणि मुळात या कायद्यातल्या नोटिशीला दिवाणी दाव्यात आव्हान देण्यावर कलम १४९ ने बंधन आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. २०१९ साली याच मुद्द्यावर दावा निकाली निघाला. आठ वर्षं तारखा, आणि मूळ प्रश्नावर एक ओळही नाही.

त्या आठ वर्षांत सळया गंजून त्यांचे पापुद्रे निघाले. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चव्वेचाळीसला टेकतो. वर काही आच्छादन नसलेल्या स्लॅबखाली रात्री अकरालाही पंख्याची हवा गरम लागायची. पावसाळ्यात कॉलमच्या बुडाशी पाणी साठून खोलीत ओल उतरायची. मालमत्ता कराच्या बिलात शास्ती, म्हणजे दंड, वेगळी यायची. महापालिकांच्या कायद्यातल्या कलम २६७-अ मध्ये अवैध बांधकामावर कराच्या दुपटीपर्यंत शास्ती लावायची तरतूद आहे. अण्णा ती न चुकता भरायचे. त्यांना वाटायचं, कर घेतात म्हणजे घर मान्य आहे. त्याच कलमात लिहिलंय की कर आणि शास्ती घेतली म्हणून बांधकाम नियमित होत नाही. हे मी त्यांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. २०२१ मध्ये ते गेले. फळीवरची नोटीस तिथेच होती.

१५ जून २०२३ ला विमानतळाजवळच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली. तो वाद शहरात वर्षानुवर्षं चालला होता, आणि त्याच्या बाजू-विरोधी बाजू घराघरात होत्या. आईने ते टीव्हीवर बघितलं आणि म्हणाली, "एवढी मोठी चिमणी काही क्षणांत खाली आली. आपला जिना किती वेळ टिकणार?" दोन महिन्यांनी आम्हाला पुन्हा कलम ५३ ची नोटीस आली. नव्या तारखेची.

दादा पुण्याहून फोनवर म्हणाला, पुन्हा वकील बघू. मी या वेळी आधी एका परवानाधारक अभियंत्याकडे गेले. त्यांनी नोटीस वाचली आणि म्हणाले, "ताई, घाबरू नका ओ. नवी नोटीस म्हणजे नवी मुदत. या मुदतीत अर्ज गेला पाहिजे, एवढंच बघा."

ही गोष्ट मला आधी माहीत असती तर! कलम ५३ च्या पोटकलम ३ मध्ये सोय आहे. नोटिशीत दिलेल्या मुदतीत बांधकाम कायम ठेवण्यासाठी कलम ४४ खाली परवानगी मागता येते, आणि त्या अर्जाचा अंतिम निकाल होईपर्यंत त्या बांधकामावर नुसत्या नोटिशीचा परिणाम होत नाही. २०११ च्या नोटिशीलाही हेच उत्तर होतं. अण्णांनी मुदत घालवली आणि कोर्टात गेले.

पण अर्ज कशाचा करायचा? यावर घरात आठवडाभर वाद झाला. दादाचं म्हणणं, सगळंच कायम ठेवायला मागू, मिळेल तेवढं मिळेल. अभियंत्यांनी साफ नकार दिला. ते म्हणाले, आधी मोजू. मग मी तीन कामं लावली. माहिती अधिकारात दहा रुपयांचं तिकीट लावून आमच्याच फाइलची पाहणी मागितली, आणि दोन रुपये पानाने नकला घेतल्या. भूमी अभिलेखकडे हद्द कायम मोजणीचे पैसे भरले. आणि कॉलमची ताकद तपासून घेतली, कारण पंधरा वर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या सळयांवर मजला चढवायचा तर तसा दाखला हवाच.

फाइलमध्ये अक्कांचा मूळ तक्रार अर्ज होता. मी तो प्रथमच वाचला. अण्णा सांगायचे, त्यांना आपलं वर आलेलं बघवत नाही. अर्जात एवढंच लिहिलं होतं: शेजारच्या जिन्याचं पाणी आमच्या शेडच्या भिंतीवर पडतं, सूत भिजतं, आणि स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागतो. खाली अक्कांच्या यजमानांची तेलुगूतली सही. तेही आता नाहीत.

मी त्याच संध्याकाळी त्यांच्याकडे गेले. तेरा वर्षांनी. अक्का मागापाशी बसून कांड्या भरत होत्या. मी म्हटलं, "अक्का, जिना काढणार आहे आम्ही. मोजणीला तुम्ही समोर थांबा." त्यांनी हातातली कांडी खाली ठेवली. "अण्णा असताना आली असतीस तर," म्हणाल्या, आणि आतून पाणी आणून दिलं. शेडची भिंत दाखवली. ओलीने विटा भुसभुशीत झाल्या होत्या, बोट लावलं की माती हातात येत होती.

मोजणीत कळलं की आमची भिंत त्यांच्या हद्दीत अजिबात गेलेली नव्हती. अक्कांच्या मुलाला तोवर ती शंका होती, ती मिटली. अंतर कमी होतं ते आमच्याच जागेत सोडायचं अंतर. मोजणीच्या नकाशाच्या 'क' प्रतीवर मग अर्जाचा नकाशा बसवला: भिंतीतला जो फरक २०२० पासून लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत शुल्क भरून बसत होता तेवढा कायम ठेवायचा, जिना पूर्ण काढायचा, नवा जिना मूळ नकाशाप्रमाणे आत घ्यायचा. जिना स्वतः काढून देऊ असं हमीपत्र जोडलं. हमीपत्रावर आईने सही केली आणि पेन टेबलावर ठेवताना तिचा हात थरथरत होता.

ओळखीचे लोक सांगत होते, साठ दिवसांत उत्तर नाही आलं की परवानगी मिळालीच समजा. कलम ४५ मध्ये तसं आहे, पण नकाशा नियमांत चोख बसत असेल तरच. आमचा नकाशा सवलतीवर उभा होता. म्हणून आम्ही साठ दिवस मोजत बसलो नाही, प्रत्येक त्रुटीपत्राला उत्तर देत गेलो. तीन त्रुटीपत्रं आली. पहिल्यात गुंठेवारीच्या आदेशाची नक्कल मागितली होती, ती आईच्या साड्यांच्या ट्रंकेत सापडली.

जिना एप्रिल २०२४ मध्ये काढला. ब्रेकर लावला असता तर कॉलमला धक्का बसला असता, म्हणून दोन गवंडी छिन्नी-हातोड्याने चार दिवस एकेक पायरी उतरवत होते. सहाव्या पायरीच्या कडेला अण्णांनी ओल्या सिमेंटमध्ये बोटाने २००९ लिहिलं होतं. गवंड्याने तो तुकडा बाजूला ठेवला. चौथ्या दिवशी दुपारी शेवटची पायरी गेली तेव्हा अक्कांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऊन आत पडलं. त्या खिडकीशी आल्या, काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांच्या सुनेने शेंगा चटणी आणि कडक भाकरी पाठवली.

काढल्याचे फोटो आणि अभियंत्यांचा दाखला दिला, कार्यालयातून पाहणी झाली, प्रशमन शुल्क, म्हणजे नकाशाबाहेरचा फरक नियमित करण्याचं, आणि विकास शुल्क भरलं. ऑगस्टमध्ये परवानगी हातात आली. त्या शुल्कासाठी मी भविष्य निर्वाह निधीतून पैसे काढले. दावा, शास्ती आणि गंजलेल्या कॉलमना बाहेरून नव्याने वेढण देऊन ते मजबूत करण्याचा खर्च धरला, तर २०११ साली हेच केलं असतं तर त्याच्या कितीतरी कमी पैशात झालं असतं. हे आकडे मी आईला दाखवलेले नाहीत.

काम चालू असतानाच १३ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने बांधकाम पाडण्याआधी किमान पंधरा दिवसांची नोटीस, ती नोंदणीकृत टपालाने आणि बांधकामावरही लावून, असं बंधन घातलं. गल्लीतल्या दोघातिघांनी मला विचारलं, आता आपण निर्धास्त ना? मी त्यांना सांगते, ते पंधरा दिवस मोजणी आणि अर्जासाठी वापरा. मी स्वतः दोन घरांबरोबर अभियंत्यांकडे जाऊन आले.

पूर्णत्वाचा दाखला जोडून भोगवटा प्रमाणपत्रासाठी अर्ज केला, आणि जून २०२५ मध्ये ते मिळालं. दुसऱ्या दिवशी त्याची नक्कल घेऊन मी करविभागात शास्ती काढण्याचा अर्ज देऊन आले. २००९ चा तो तुकडा आतल्या जिन्याच्या पहिल्या वळणावर भिंतीत बसवलाय. आई आता संध्याकाळी वरच्या खोलीत बसते. तिथून अक्कांची शेड दिसते, आणि त्यांनी या पावसाळ्याआधी ती भिंत नव्याने बांधून घेतली.