दोरी धरून राहिलेला पूर्वज

गेल्या ऑक्टोबरात मुलाकडे बॉस्टनला होते, तेव्हा सून (अमेरिकन आहे) म्हणाली, "आई, प्लिमथला येता का, माझा पूर्वज आहे तिथे." मला वाटलं पणजोबा वगैरे असतील. निघाला १६२० चा! जॉन हाउलंड, इंग्लंडहून इथे वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजातून आलेला.

आधी तो फेमस प्लिमथ रॉक बघितला, ते लोक इथेच उतरले म्हणतात तो खडक. वर खांबांचा भला मोठा मंडप आणि खाली एवढासा धोंडा, त्यावर १६२० कोरलंय, बास. आपल्याकडे शेंदूर तरी फासला असता.

हा हाउलंड म्हणजे कार्व्हरचा नोकर, कार्व्हर वसाहतीचा पहिला गव्हर्नर. भर वादळात हा डेकवर आला नि गेला थेट समुद्रात, पण शिडाची दोरी पाण्यात लोंबत होती ती याने सोडली नाही म्हणून लोकांनी ओढून वर घेतला. पुढे दहा मुलं झाली. सून म्हणे दोरी सुटली असती तर मी नसते, फ्रँकलिन रूझवेल्ट नसता आणि दोन्ही बुशही नसते.

खरी गंमत बायकोची. वंशज कित्येक पिढ्या सांगत होते की एलिझाबेथ गव्हर्नर कार्व्हरच्या घरातली. मग नंतरचा गव्हर्नर ब्रॅडफर्ड याची वसाहतीची हकिकत लिहिलेली हरवलेली वही १८५५ मध्ये लंडनला बिशपच्या लायब्ररीत सापडली आणि कळलं की ती टिली नावाच्या साध्या प्रवाशाची पोर, पहिल्याच हिवाळ्यात आईबाप गेलेले. मोठ्या घराशी नातं जोडायची हौस सगळीकडे सारखीच!

मेफ्लॉवर वंशजांची संस्था आहे, सभासद व्हायला तिला प्रत्येक पिढीचे जन्म-लग्न-मृत्यूचे कागद लागतात. पहिल्या पाच पिढ्या त्यांनीच शोधून छापल्यात, सुनेचं घोडं अडलंय पुढच्या एका लग्नाच्या दाखल्यापाशी. तिची साखळी चार ठिकाणी लेकीकडून जाते, दरवेळी आडनाव नवं, तरी चालतं. आमच्या कुलवृत्तांतात लेकीपुढे सासरचं गाव लिहिलं की तिची शाखा संपली, हिच्यासारखी नात कुणाला सापडलीच नसती.

जॉनच्या नावाचा दगड प्लिमथच्या बरिअल हिल या दफनभूमीत आहे, त्यांच्या जेबेझ नावाच्या मुलाचं घरही गावात अजून उभं आहे. एलिझाबेथ मात्र तिथे नाही. म्हातारपणी लेकीकडे राहिली, १६८७ मध्ये वारली, तिची खूण ऱ्होड आयलंडला ईस्ट प्रॉव्हिडन्समध्ये. वाट वाकडी करून गेलो, पोचेपर्यंत उन्हं कललेली, सुनेने मोबाइलच्या उजेडात दगड वाचला आणि मला म्हणाली, आता तुमच्या आजीच्या आईचं नाव सांगा. मी भावाला पुण्याला फोन लावला, तिकडे पहाट होती, तो वैतागला, त्यालाही माहीत नव्हतं.